गुडघा चोळू नका, आणि टेनिस एल्बोचं थोडं

एकांनी लिहिलंय की कबड्डीत चढाई करताना गुडघा वळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला, तासाभरात टम्म सुजला आणि घरच्यांनी गरम तेलाने चोळून दिला. चोळणं आधी थांबवा! आवाज, लगेच आलेली सूज आणि जिना उतरताना गुडघा सटकणं, हे तिन्ही असेल तर एसीएल (गुडघ्याच्या आतला, हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) फाटल्याचा दाट संशय. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. माझा दीड महिना ‘नॉर्मल’ एक्स-रेच्या भरवशावर गेला. ऑर्थोपेडिककडून गुडघा हाताने तपासून घ्या. तोवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. ऑपरेशन झालंच तर मैदानावर परतायला किमान 9 महिने धरा. सहाव्या महिन्यात ‘आता बरंय’ म्हणून उतरणारे पुन्हा फाडून घेतात. उडी मारून टेकताना गुडघे वाकवून, आत न झुकवता टेकायची सवय मात्र सगळ्यांनीच लावा.

टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, फक्त टेनिसवाल्यांना होत नाही. सचिनला झाला होता, 2005 मध्ये ऑपरेशन करावं लागलं. बहुतेकांना ती वेळ येत नाही, व्यायाम करा. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि मग बाटली चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली सोडा. 15 वेळा, रोज. थोडं दुखेल, चालतं. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने महिनाभर स्वर्ग, पण वर्षभराने बघितलं तर न घेतलेलेच जास्त बरे असतात.