अनुभव धागा: माहितीपट मालिका – कोणत्या प्रकाराची घडण कशी, आणि ती नेमकी कुठे फसते

धागाकर्ती

माहितीपट मालिका म्हटलं की बहुतेकांना सिंह आणि हरणाचा पाठलाग आठवतो. या एका नावाखाली किती वेगवेगळी कामं चालतात ते पाहा. 'द वर्ल्ड अ‍ॅट वॉर' (1973, 26 भाग) जुन्या चित्रफिती आणि हयात साक्षीदार यांच्यावर उभी आहे. 'कॉसमॉस' (1980, 13 भाग) एका अभ्यासकाचा हात धरून चालते. 'भारत एक खोज' (1988, 53 भाग) निवेदन आणि नाट्य एकत्र गुंफते. 'सुरभि'चा एकेक भाग मासिकासारखा, चार-पाच विषयांचा. त्याशिवाय वन्यजीवन, विमान अपघातांची चिकित्सा, कारखान्यात वस्तू कशी बनते ते दाखवणाऱ्या मालिका, आणि तीच माणसं वर्षानुवर्षं चित्रित करणाऱ्या मालिका आहेतच.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विनंती आहे की आठवणींपेक्षा पद्धत लिहा. मापं, क्रम, काय बिघडतं आणि का. प्रेक्षकालाही त्यातून कळेल की समोर दिसतंय त्यातलं किती प्रत्यक्ष आहे आणि किती रचलेलं.

जंगलकॅमेरा

वन्यजीव मालिकेतली बरीच दृश्यं आजकाल माणूस हजर नसताना मिळतात, म्हणून ट्रॅप कॅमेऱ्यापासून, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालू होणाऱ्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो.

बिबट्यासाठी कॅमेरा जमिनीपासून 40 ते 45 सेंमी उंचीवर, वाटेपासून 3 ते 4 मीटर अंतरावर. वाटेला काटकोनात लावू नका. प्राणी चौकटीत शिरल्यापासून कॅमेरा जागा होईपर्यंत थोडा वेळ जातो आणि हाती फक्त शेपूट येते. वाटेशी 45 अंशांचा कोन ठेवला तर प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. तोंड उत्तर किंवा दक्षिणेकडे हवं. पूर्व-पश्चिम ठेवलं की उगवता-मावळता सूर्य सेन्सरवर येतो आणि कार्ड रिकाम्या दृश्यांनी भरतं. समोरचं गवत कापा, नाहीतर वारा सुटला की तापलेली पातीच कॅमेरा चालू करत राहतात.

आता उन्हाळ्याचं. हा सेन्सर हालचाल बघत नाही, तो प्राणी आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक बघतो. मे महिन्यात दुपारी जमीन आणि खडक 38-40 अंशांवर पोचले की बिबट्या आणि खडक सेन्सरला सारखेच. कॅमेरा धडधाकट असतो, पण काहीच नोंदवत नाही. त्यामुळे विदर्भात उन्हाळ्यातल्या नोंदींवरून 'दिवसा प्राणी फिरकत नाही' असं निवेदनात लिहून टाकू नका.

अंधारात फक्त उष्णतेवरून चित्र बनवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं तत्त्वही उष्णतेचंच. 'प्लॅनेट अर्थ 2' (2016) च्या शहरांवरच्या भागात मुंबईतले बिबटे रात्री शिकार करताना दिसतात ते अशाच कॅमेऱ्यांमुळे. दिवे लावले असते तर प्राणी बिथरले असते आणि वागणूकच बदलली असती. थर्मल चित्रात रंग नसतात आणि अंगावरचे ठिपकेही जवळजवळ गायब होतात, म्हणून त्यावरून एकच प्राणी ओळखू येतो असा दावा करता येत नाही. दोन रात्रींची दृश्यं जोडून 'ही मादी' म्हणायचं असेल तर दुसरा पुरावा लागतो.

परवानगीबद्दल: अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पर्यटकाच्या सफारी तिकिटावर व्यावसायिक चित्रीकरण चालत नाही. ड्रोनची परवानगी वेगळी, ती गृहीत धरू नका.

ध्वनिमुद्रक_पुणे

वरच्या प्रतिसादाला जोडून. 600 मिमीच्या लेन्सने 100 मीटरवरचा प्राणी चित्रित होतो, त्याच्या पावलांचा आवाज तिथून कोणत्याही माइकला मिळत नाही. वन्यजीव मालिकांत जवळून ऐकू येणारे बहुतेक बारीक आवाज नंतर स्टुडिओत बनवलेले असतात. बर्फातली पावलं म्हणजे बहुधा चामड्याच्या पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर, हाताने दाबलेलं. मला यात गैर वाटत नाही, मात्र प्राण्याचा कंठरव त्याच जातीचा असला पाहिजे. गरुडाच्या चित्रावर दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंचाळी चढवणं ही फसवणूक आहे.

मुलाखतींबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठी माहितीपटांत सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. साडीच्या पदराला लावू नये. पदर सरकला की माइकचं तोंड फिरतं आणि आवाज अर्ध्या वाक्यात बोदा होतो. ब्लाउजच्या गळ्याच्या कडेला लावा, वायरचं एक छोटं वेटोळं करून आतून चिकटपट्टी मारा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर टिकटिकतात आणि तो आवाज शब्दांवरच येत असल्याने नंतर काढता येत नाही. काढून ठेवा असं म्हणणं बरं दिसत नाही. वाट्यांच्या मागे कागदी वैद्यकीय पट्टीचा तुकडा लावून त्या कापडाला चिकटवल्या की काम होतं. बांगड्यांसाठी मांडीवर जाड रुमाल. नायलॉन आणि कडक खळीचं कापड सरसरतं, धुवट सुती बरं. हे आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवा.

मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. बोलण्यातली टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास (मीटरवर शून्य म्हणजे कमाल, त्यापुढे आवाज फाटतो). माणूस भावनाविवश झाला की आवाज एकदम चढतो, तेवढी जागा वर मोकळी लागते. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची.

मुलाखत संपल्यावर कुणीही न हलता खोलीचा रिकामा आवाज एक मिनिट मुद्रित करा. संकलक वाक्यं तोडतो, खोकला काढतो, तिथे पडलेली भोकं याच आवाजाने बुजवायची असतात. संपूर्ण शांतता घातली तर प्रेक्षकाला टीव्ही बंद पडल्यासारखं वाटतं. लोक उठून चहाला गेल्यावर घेतलेला आवाज उपयोगाचा नाही; माणसं, पंखा, खिडकी सगळं मुलाखतीतल्यासारखंच हवं.

संकलनमेज

आपल्याकडे प्रक्षेपण सेकंदाला 25 चौकटींचं (इथे चौकट म्हणजे फ्रेम, एक स्थिर चित्र). मोबाइल आणि बरेच ड्रोन मुळात 30 वर लावलेले असतात. 30 चं 25 करताना दर सहावी चौकट गळते आणि किल्ल्यावरून ड्रोन संथपणे फिरतोय असं दृश्य ठेचकाळत पुढे सरकतं. संकलनात यावर खरा उपाय नाही, चित्रीकरणापूर्वीच 25 करा. मोबाइलची दुसरी खोड म्हणजे चौकटींचा वेग कमी-जास्त होत राहणं. अशी फाइल थेट संकलनात घेतली तर दहा मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आधी स्थिर वेगात रूपांतर करून घ्या.

दिव्यांचं: भारतात वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर (एकेक चौकट टिपायचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं तर चित्र स्वच्छ. 1/60 ठेवलं तर आडवे पट्टे सरकतात. अमेरिकेतला मराठी मंडळाचा कार्यक्रम चित्रित करायचा असेल तर उलट, तिथे वीज 60 हर्ट्झची असल्याने 1/60 हवं.

साठवण: सेकंदाला 100 मेगाबिट दराने एका तासाचे 45 जीबी होतात. निरीक्षणात्मक मालिकेत, म्हणजे घडतंय ते मध्ये न पडता टिपणाऱ्या मालिकेत, अंतिम भागातल्या एका मिनिटासाठी 30 मिनिटं चित्रित होणं नेहमीचं. 52 मिनिटांच्या भागाला 26 तास, म्हणजे सुमारे 1.2 टीबी, आणि हे एका प्रतीचं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. कॅमेऱ्याचं कार्ड दोन प्रती तपासून होईपर्यंत पुसायचं नाही.

धागाकर्ती

कारखान्यातल्या मालिकांबद्दल कुणी लिहील का? आणि जुन्या चित्रफितींबद्दल?

यंत्रशाळा

कारखान्याचं थोडक्यात. कॅनडाची 'हाउ इट्स मेड' (2001 पासून) पाहा, निवेदक पडद्यावर न येता प्रक्रिया समजते. दर पायरीची तीन दृश्यं: यंत्र कुठे आहे ते, हात किंवा पातं जवळून, आणि त्या पायरीनंतरची वस्तू. तिसरं बहुतेक जण विसरतात आणि मग वस्तूत काय बदललं तेच कळत नाही. सेकंदाला 200 चौकटींनी संथ चित्रण करायचं असेल तर ट्यूबखाली करू नका, वर सांगितलेलं लुकलुकणं ढळढळीत दिसतं. दिवसाचा उजेड किंवा न लुकलुकणारे एलईडी घ्या. प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र आवाज बाकीची बंद असताना, जेवणाच्या सुटीत घ्या.

दप्तरखाना

इतिहासमालिकेत चूक सगळ्यात जास्त टिकते, कारण पुढची मालिका तीच चित्रफीत त्याच चुकीच्या मथळ्यासह उचलते. पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरच्या 1916 च्या चित्रपटात सैनिक खंदकातून वर चढतात आणि दोघे कोसळतात ते दृश्य आघाडीमागे रचून घेतलेलं आहे असं अभ्यासक मानतात. तरीही ते 'प्रत्यक्ष हल्ला' म्हणून दाखवलं जातं. तपासायची सोपी खूण: कॅमेरा कुठे उभा आहे? गोळीबार चालू असताना छायाचित्रकार शत्रूच्या बाजूला उघड्यावर, तिपाई लावून उभा असेल तर शंका घ्या. गणवेश, वाहनांचे क्रमांक, दुकानांच्या पाट्या, झाडांची पानगळ हेही पाहा. जूनमधल्या घटनेत झाडं निष्पर्ण असतील तर मथळा खोटा आहे.

मूकपटांच्या काळातल्या बऱ्याच फिती सेकंदाला 16 ते 18 चौकटींच्या. 18 ची फीत 25 ने चालवली तर माणसं जवळजवळ 1.4 पट वेगाने तुरुतुरु चालतात आणि मिरवणूक असो वा अंत्ययात्रा, हसू येतं. वेग दुरुस्त करा. जुन्या टीव्हीच्या 4:3 आकाराचं चित्र ताणून आजचा रुंद 16:9 पडदा भरू नका, बाजूला काळ्या पट्ट्या सोडा. गांधीजींना आडवं रुंद करून दाखवण्यापेक्षा त्या पट्ट्या शतपटीने बऱ्या.

छायाचित्रांवरून कॅमेरा संथ फिरवण्याची पद्धत 'द सिव्हिल वॉर' (1990) नंतर सर्वत्र पसरली. त्यासाठी स्कॅन मोठं लागतं. 6 इंच रुंद फोटो 300 डीपीआयने (इंचाला 300 बिंदू) घेतला तर 1800 बिंदू मिळतात, साध्या एचडीच्या 1920 पेक्षाही कमी. 1200 डीपीआयने 7200 मिळतात, मग 4K मध्येही चेहऱ्यापर्यंत जवळपास दुप्पट जाता येतं. कुटुंबांकडून फोटो घेताना मोबाइलने काढून पाठवलेली प्रत स्वीकारू नका, व्हॉट्सअ‍ॅप ती आणखी चिरडतं. स्कॅनर घेऊन घरी जा, आणि फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

स्वातंत्र्योत्तर वृत्तचित्रांसाठी मुंबईत 1948 ला सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह, आणि चित्रपटांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (1964). दोन्ही आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) आहेत. परवान्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: कोणती माध्यमं, कोणते देश, किती वर्षं. फक्त महोत्सवांपुरता परवाना स्वस्त पडतो, पण मालिका पुढे ओटीटीवर गेली की पुन्हा वाटाघाटी, आणि तेव्हा तुमची बाजू कमकुवत असते, कारण ते दृश्य काढणं शक्य नसतं. सुरुवातीलाच पुढच्या वापराचा दर ठरवून करारात घाला.

उड्डाण

विमान अपघातांच्या मालिकांबद्दल एक गोष्ट प्रेक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. कॉकपिटमधले संवाद तुम्ही ऐकता ते जवळजवळ नेहमी अभिनेत्यांचे असतात. अमेरिकेत तर तपासयंत्रणेला मूळ ध्वनिमुद्रण जाहीर करायला कायद्याने मनाई आहे, फक्त लिखित उतारा मिळतो. त्यात शब्द आणि वेळ असते, स्वर नसतो. मग घाबरलेला, उर्मट, गोंधळलेला हा सूर दिग्दर्शकाने दिलेला असतो. सहवैमानिकाची प्रतिमा त्या सुरावर ठरते, हे मला फार गंभीर वाटतं. माणूस उत्तर द्यायला हयात नसतो.

भाग लिहिताना आधार अंतिम अहवालाचाच घ्यावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं हा नसतो. मालिकेला मात्र शेवटी एक कारण हवं असतं. अहवालात पाच-सहा कारणं साखळीने येतात. 1996 च्या हरयाणातल्या चरखी दादरीवरच्या दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत (349 मृत्यू) कझाक विमान ठरलेल्या 15,000 फुटांच्या खाली आलं हे खरं, पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच हवाई मार्ग, नियंत्रकाला विमानाची उंची पडद्यावर न दिसणं, हेही त्याच साखळीत येतं. संकलनात वेळ कमी पडला की पहिलं राहतं आणि बाकीची गळतात.

निवेदनलेखक

इंग्रजी मालिका मराठीत करताना अडचण वाक्याच्या शेवटी येते. मूळ संकलन इंग्रजी वाक्यावर बेतलेलं, तिथे क्रियापद लवकर येऊन जातं. मराठीत ते शेवटी येतं, तोवर दृश्य बदललेलं असतं: पडद्यावर साप झेपावून गेला आणि 'झेपावतो' हा शब्द वाळूच्या दृश्यावर पडतो. वाक्य फोडा. पहिलं वाक्य झेपेआधी संपवा, झेप मोकळी सोडा, पुढचं वाक्य नंतर.

वेग मिनिटाला 100 ते 110 शब्द. 52 मिनिटांत 25 मिनिटांहून जास्त निवेदन झालं तर कात्री लावा. परदेशी तज्ज्ञाचा मूळ आवाज आधी दीड-दोन सेकंद ऐकू द्या, मग मराठी आवाज, आणि मराठी थोडं आधी संपवून मूळ आवाजाचे शेवटचे शब्द ऐकवा. करार करतानाच संगीत आणि परिणाम-ध्वनी यांचा निवेदनाविना वेगळा ट्रॅक मागा. तो नसला तर इंग्रजी निवेदन पुसताना पाखरं, पाणी, वारा सगळंच जातं आणि नव्याने घालावं लागतं.

चौकटीबाहेर

दीर्घ पाठपुराव्याच्या मालिकांसाठी: ब्रिटनची 'अप' 1964 मध्ये सात वर्षांच्या 14 मुलांपासून सुरू झाली, दर सात वर्षांनी पुढचा भाग, 2019 मध्ये ती माणसं 63 ची झाली. काहींनी मधले भाग नाकारले. असं काही आपल्याकडे, समजा ऊसतोड कामगारांच्या मुलांवर, करायचं असेल तर संमतिपत्र दर फेरीला नवीन घ्या. मुलाच्या वतीने पालकांनी दिलेली सही तो 18 चा झाल्यावर पुरेशी मानू नका, जुन्या दृश्यांसाठीही त्याला विचारा. संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना कॅमेरा चालू ठेवा. संपर्कासाठी कुटुंबाबाहेरच्या दोन जणांचे नंबर घ्या, कारण मुकादम बदलला की कुटुंबाचा जिल्हाही बदलतो. पहिल्या फेरीत लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि बसण्याची जागा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच चौकट जुळली तरच दोन चेहरे शेजारी ठेवता येतात.