ऑफिसची पत्रं: टेम्प्लेटं एकदा नीट बसवा, जुन्या फायली गिरवणं बंद करा

काजूबोंड
आमची बागायतदारांची छोटी संस्था आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. तीन संगणक, एक प्रिंटर. सीझनला चलनं, दरपत्रकं, वाशीच्या दलालांशी पत्रव्यवहार; पावसाळ्यात विम्याचे नि कृषी खात्याचे अर्ज. सगळा कारभार "मागची फाईल उघड, नाव बदल, सेव्ह कर" यावर चालतो. गेल्या महिन्यात एक पत्र गेलं. 'प्रति' बरोबर, 'विषय' यंदाचा, आणि 'संदर्भ'मध्ये भलत्याच बागायतदाराच्या अर्जाचा क्रमांक. पत्र परत आलं, बिचाऱ्याची तालुक्याची फेरी फुकट.

माझं म्हणणं सरळ आहे. पत्र, चलन, दरपत्रक यांची टेम्प्लेटं, म्हणजे मजकूर भरायचे ठरलेले कोरे नमुने, करून सॉफ्टवेअरमध्ये रीतसर बसवायची आणि त्यात बदल करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवायचा. टेम्प्लेटवरून काम सुरू केलं की बिननावाची नवी फाईल उघडते, मूळ जिथल्या तिथे राहतं. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या जागी प्लेसहोल्डर, म्हणजे 'इथे क्रमांक लिहा' अशी खूण, टाकता येतो. तो भरायचा राहिला तर छापताना ती जागा कोरी येते, निदान सेटिंग बदललेलं नसेल तर. कोरी जागा सही करताना डोळ्यात भरते, दुसऱ्याचा क्रमांक भरत नाही.

खाडीपलीकडे
साफ असहमत. ही टेम्प्लेटं साठतात कुठे, हे तुमच्या ऑफिसात किती जणांना ठाऊक आहे? लिब्रे ऑफिस ती युजर प्रोफाइलमध्ये टाकतं, ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या पोटात, आणि तो फोल्डर विंडोज लपवूनच ठेवतं. पावसाळ्यात संगणक बसला की दुरुस्तीवाला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची कॉपी घेतो नि फॉरमॅट मारून मोकळा होतो. मी ज्या पतसंस्थेचे हिशेब बघतो तिथे हेच झालं. जुनी पत्रं शाबूत, टेम्प्लेटं साफ. मग शेवटी जुनी पत्रं उघडूनच नव्याने सुरुवात केली ना!

निवतीकर
आमच्या हापिसात जुनी फाईल सगळ्यांका उघडूक येता. नवीन काय शिकाक सांगलास तर चाय पिऊक उठतत.

काजूबोंड
@खाडीपलीकडे, तो दोष जागेचा, टेम्प्लेटचा नव्हे. लिब्रे ऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स इथे जाऊन टेम्प्लेट्सच्या ओळीत आपला फोल्डर जोडा, एकापेक्षा जास्तही चालतात. वर्ड २०१३ पासून स्वतःची टेम्प्लेटं तशीही डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स'मध्येच जातात. शिवाय 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' म्हणून सगळ्यांसाठी वेगळी जागा देता येते. तिन्ही संगणकांना एकच सामायिक फोल्डर दाखवला की झालं.

दाभोळची_लेक
दादा, "झालं" म्हणण्याआधी लाईटचा विचार करा. सामायिक फोल्डर ज्या संगणकावर, तो बंद असला की तिघांचंही काम अडणार. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आमच्याकडे पंचनाम्याचे नि नुकसानभरपाईचे अर्ज लिहायची धांदल होती आणि वाडीत दिवसचे दिवस लाईट नव्हती. एका पुतण्याच्या लॅपटॉपवर, जनरेटर मिळेल तिथे बसून अर्ज टाईप केले. तेव्हा पेनड्राइव्हवरची एक साधी फाईल कामाला आली. टेम्प्लेटला माझा विरोध नाही, पण प्रत्येक यंत्रावर त्याची प्रत हवीच, आणि फाईलच्या नावात वर्ष घाला म्हणजे शिळी कुठली ते कळेल.

कातळशिल्प
मी टायपिंग आणि संगणकाचे वर्ग घेतो. इथे सगळे फोल्डरवरून भांडताहेत, पण टेम्प्लेट बिघडतं ते आतून.

नेटवरून सुंदर टेम्प्लेट उतरवतात, बसवतात, आणि प्रिंटर कागद मागत बसतो. कारण पानाचा आकार अमेरिकी 'लेटर', म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि ट्रेमध्ये आपला ए-फोर, २१० बाय २९७. बसवण्याआधी पेज स्टाइल उघडून बघायचं एवढं साधं काम, पण कोणी करत नाही.

दुसरं मराठीचं. लिब्रे ऑफिसच्या लेखी देवनागरी म्हणजे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट', आणि प्रत्येक शैलीत (शीर्षक, मजकूर वगैरेंचं ठरवून ठेवलेलं रूप) त्याचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा नोंदलेला असतो. पोरं शीर्षकाच्या शैलीत इंग्रजीच्या रकान्यात १८ आकार देतात, मराठी शीर्षक होतं तेवढंच राहतं. मग चिडून हातानेच अक्षर मोठं करतात. हाताने केलं की टेम्प्लेटचा उपयोग संपला. भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'चा पर्याय चालू करा, मग शैलीत त्याचा वेगळा रकाना दिसेल.

तिसरं, मंगल हा विंडोजचा देवनागरी फॉन्ट. विंडोजवर मंगलमध्ये बसवलेलं पत्र लिनक्सवर उघडलं की दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते आणि 'आपला विश्वासू' एकटाच दुसऱ्या पानावर. नोटो सारखा मोफत फॉन्ट सगळीकडे टाका, नाहीतर फाईलच्या प्रॉपर्टीजमधून फॉन्ट आतच भरा.

खाडीपलीकडे
बघा, एका पत्रासाठी केवढं पुराण! शिवाय टेम्प्लेट सुधारलं की त्यावरून केलेलं जुनं पत्र उघडताना लिब्रे ऑफिस विचारतं, शैली अद्ययावत करू की जुन्याच ठेवू? घाईतला माणूस 'जुन्याच ठेवा' दाबतो, आणि त्या पत्रासाठी तो प्रश्न पुन्हा येत नाही.

काजूबोंड
गेलेल्या पत्राची शैली कशाला बदलायची? ते छापून, शिक्का मारून गेलं. त्याला 'जुन्याच ठेवा' हेच योग्य उत्तर आहे. अद्ययावत केलं तरी फक्त शैली बदलतात, लिहिलेला मजकूर तसाच राहतो.

खाडीपलीकडे
आणि दर? पाच डझनी पेटीचा भाव सीझनमध्ये रोज हलतो. जुन्या फाईलमध्ये कालचा भाव डोळ्यांसमोर असतो, तुमच्या कोऱ्या टेम्प्लेटमध्ये शोधावा लागतो.

दाभोळची_लेक
हा मुद्दा मात्र खरा आहे, काजूबोंड. आमच्याकडे दरपत्रक टेम्प्लेटवर नेलंच नाही. त्याची कॅल्कमध्ये (लिब्रे ऑफिसचं एक्सेलसारखं तक्त्यांचं सॉफ्टवेअर) एकच चालू फाईल आहे, रोज नवी ओळ. पत्रं आणि चलनं तेवढी टेम्प्लेटवर.

काजूबोंड
चालेल. दरपत्रक यादीतून काढतो. पत्रांवरून मागे हटणार नाही.

खाडीपलीकडे
आधी ॲपडेटाचा बॅकअप घ्या, मग हटायचं की नाही ते बघू.

निवतीकर
तो फोल्डर दिसूक कायतरी टिक करूची लागता ना? खंय असता ती?

कातळशिल्प
फाईल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', विंडोज ११ असेल तर त्यात 'शो', तिथे 'हिडन आयटम्स'.