मदत हवी आहे: परभणी ते संभाजीनगर, दोघं, ३ दिवस, ६००० रुपयांत

शनिवार ते सोमवार जोडून सुट्टी आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. म्हणून अजिंठा रविवारीच. एसटीत बायकोला अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी करायची नाही. अडचण परतीची आहे: फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंतचे ४ किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं, आणि सुट्टीत तिची रांग लांबते. संध्याकाळी फाट्यावरून बसायला जागा मिळेल अशी एसटी साधारण किती वाजता?

सोमवारी सकाळी उन्हाआधी दौलताबाद (किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयारी वाटेसाठी टॉर्च घेतोय), दुपारी वेरूळ. लेणी पश्चिमाभिमुख, तेव्हा आत छान उजेड येतो. शनिवारी सावकाश बिबी का मकबरा.

मध्यवर्ती बसस्थानकाजवळ दोघांसाठी १२०० पर्यंत स्वच्छ, शांत खोली सुचवा ना.