तुरट चवीची गोडी तुम्हाला कोणी लावली?

इंदूरच्या आपल्या मंडळींना विचारतेय. पोहे-जलेबीच्या गावात वाइन आपणहून आवडायला लागत नाही, कोणीतरी योगायोगाने भेटावं लागतं. तुम्हाला कोण भेटलं? सुरुवात मीच करते.

रामबागेत आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकचे काका-काकू भाड्याने आले. नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली निघाली. काका पुढे तिकडच्याच दुसऱ्या एका वायनरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मे महिन्यात त्यांचा फ्रिज बंद पडला आणि काका बाटली घेऊन आमच्या दारात. आईने काही न बोलता ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि श्रीखंडाच्या चक्क्यामागे आडवी केली. दोन दिवसांनी काकांनी ती आमच्याकडेच उघडली. शेनिन ब्लां, म्हणजे पांढरी वाइन. मी सरबतासारखा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"जिरावन चाखताना काय करतेस?" काका म्हणाले. "आधी वास, मग हिंग कुठाय, आमचूर कुठाय ते जिभेवर शोधतेस ना? तसंच कर."

केलं. पेरू सापडला, गद्दर, फोड कापल्या कापल्या येतो तो वास. पेला दांडीला धरायचा, हाताच्या उबेने गार वाइन कोमट होते, हेही तेव्हाच कळलं. पेले मात्र त्या दिवशी स्टीलचे होते.

*

आमचं महूचं रेल्वे क्वार्टर. शेजारच्या गोव्याच्या आंटी नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाइन घालायच्या. लोणच्याची चिनी मातीची बरणी, द्राक्षं, साखर, यीस्ट, दालचिनी, तोंडाला फडकं. १९७८ साली त्या मध्येच आठवडाभर गावाला गेल्या आणि रोज लाकडी डावाने ढवळायचं काम माझ्याकडे आलं. मी चौदा वर्षांचा. बरणीला कान लावला की आत चुरचुर ऐकू यायची. मुंग्या लागतील म्हणून मी अक्कल चालवली, फडकं काढून झाकण घट्ट बसवलं आणि वर खलबत्ता ठेवला. यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइडही सुटतो, हे कोणी सांगायला नको का? रात्री खलबत्ता जमिनीवर, झाकणाचे दोन तुकडे, छतावर जांभळे शिंतोडे.

आंटी आल्या, वर बघितलं आणि मला उरलेली गाळायला बसवलं. "चोथा जोर लावून पिळू नको, कडू होतं." पेलाभर हिस्सा मिळाला, तो आईने ओतून दिला. बोटाला लागलेली चाटली तेवढीच. चुना मारूनही पुढच्या पावसाळ्यात ते डाग परत वर आले.

*

मला नाही आवडली भिया. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची असं वाचलं आणि मे महिन्यात कपाटातून काढून प्यालो. काढा बरा.

> अहो, ते सोळा-अठरा अंश, थंड देशातल्या खोलीचं! आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा.

> बघतो. फ्रिज बायकोच्या ताब्यात आहे.

*

लेकीचं सासर दिंडोरीचं, द्राक्षबागवाले. फेब्रुवारीत आग्रा रोडने सेंधवा, धुळे करत गेलो, तोडणी चालू होती. विहीणबाईंनी शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षांचा, घड हातात दिला. खायच्या थॉम्पसनपेक्षा मणी बारीक, साल जाड, आत बिया. काळाभोर मणी दाबला तर रस जवळजवळ बिनरंगी! रंग सालीत असतो. रस सालीसकट आंबवला की रेड. तुरटपणाही साल-बियांचाच. "जांभळं खाता ना? मग हिला काय घाबरता?" विहीणबाई म्हणाल्या. व्याह्यांनी रसाचा थेंब काचेवर टाकून दुर्बिणीसारख्या नळीतून बघितलं: "शुगर तेवीस. उद्या तोडू."

रात्री भाकरी-ठेच्याबरोबर रेड दिली. ठेचा दुप्पट जाळायला लागला. माझ्या मते तिखटाशी रेडचं जमत नाही. त्यापेक्षा आपल्या भुट्ट्याच्या किसाबरोबर गार पांढरी घ्या, लिंबू पिळलंत तरी चालेल.

विहीणबाई स्वतः थेंबही घेत नाहीत. व्याह्यांचा पेला नाकाशी नेतात, "यंदाची घाईत तोडलीत" म्हणतात आणि परत ठेवतात. व्याही गप्प.