जुन्या सिनेमातलं हॅकिंग: खरं किती, पडद्यापुरतं किती?

रिळवाला (प्रश्न)

लघुपटाची पटकथा पक्की करायची आहे. दोन भाग आहेत, एक १९८४ मधला आणि एक १९९५ मधला. संदर्भासाठी त्या काळातले सिनेमे पाहिले, पण त्यांच्यावर किती विसंबायचं कळत नाही. नेमके प्रश्न असे:

१. पडद्यावर अक्षरं एकेक करून, टिकटिक करत उमटतात. हे खरं होतं का?
२. पासवर्ड फोडताना एकेक अक्षर 'लागत' जातं. असं होतं का?
३. 'अजून वीस सेकंद लाइनवर ठेवा, नंबर सापडतोय' यात तथ्य किती?
४. हाताशी जुना काचेचा मॉनिटर आहे. चाचणीत त्याच्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. ते कसे घालवायचे? आणि पडद्यावरची अक्षरं नटाच्या चेहऱ्यावर पडलेली दाखवतात, तसं करता येईल का?

तीनशे_बॉड

पहिला प्रश्न घेतो. अक्षरं सावकाश उमटणं शंभर टक्के खरं, टिकटिक खोटी.

१९८४ साली घरगुती मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक जोडणारं यंत्र) बहुधा ३०० बिट प्रतिसेकंदाचा, म्हणजे ३०० बॉडचा, पैसेवाल्याकडे १२०० चा. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ३०० वर सेकंदाला ३० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ भरायला पावणेतीन सेकंद. २४ ओळींचा अख्खा पडदा म्हणजे १९२० अक्षरं, त्याला ६४ सेकंद. १२०० वर तेच काम १६ सेकंदांत. तेव्हा तुमच्या दृश्यात मजकूर वाचण्याच्या वेगाने सरकत आला तर तो नाटकीपणा नाही, हिशेब आहे. उलट १९८४ मध्ये पडदा एका झटक्यात भरला तर जाणकार हसतील.

आवाजाचं म्हणाल तर अक्षरागणिक खडखडायचा तो टेलिटाइप, कारण तो कागदावर ठोकून छापायचा. काचेच्या टर्मिनलवर अक्षर मुकाट्याने येतं. काही टर्मिनलांना कळ दाबल्यावर 'टक' करायची सोय होती, पण ती कळफलकाची, येणाऱ्या मजकुराची नव्हे.

मोडेमच्या आवाजात तर हमखास घोळ होतो. ती प्रसिद्ध 'क्रर्र-खर्र-शूंऽऽ' ही नव्वदीतल्या वेगवान मोडेमची ओळख. ३०० चा मोडेम नुसती शिट्टी मारतो: समोरचा २२२५ हर्ट्झवर सूर धरतो, आपला १२७० वर उत्तर देतो, झाली जोडणी. १९८४ च्या दृश्यात खरखर लावलीत तर दहा वर्षं चुकली.

रिसीव्हर रबरी कपांत खुपसायचा अकूस्टिक कपलर दाखवणार असाल तर एक पथ्य पाळा. त्याचा तारेशी संबंध नसतो, तो फक्त रिसीव्हरशी आवाजाने बोलतो. त्यामुळे त्याला स्वतः नंबर फिरवता येत नाही आणि फोन ठेवताही येत नाही, ते माणसाने करायचं. १९८३ च्या 'वॉरगेम्स'मध्ये टेबलावर कपलर आणि तरी संगणक आपोआप एकामागून एक नंबर लावतोय, ही त्यातली जगजाहीर चूक. नंबर लावण्याची युक्ती मात्र खरी, 'वॉर डायलिंग' हे नावच त्या सिनेमावरून पडलं. एका एक्स्चेंजचे १०,००० नंबर, दर नंबरला अर्धा मिनिट धरलं तरी ८३ तास. पात्र रात्री यंत्र लावून झोपतं आणि दुसऱ्या दिवशीही काम चालूच असतं, असं दाखवा.

कथेत विघ्न हवं असेल तर आयतं आहे: घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला जोडफोन उचलला की पडद्यावर महिरपी कंसांचा नि तिरप्या रेघांचा कचरा उमटतो आणि जोडणी तुटते.

कुलूपकिल्ली

दुसरा प्रश्न. अक्षर अक्षर लागणं ही साफ थाप आहे.

'वॉरगेम्स'च्या शेवटी संगणक क्षेपणास्त्रांचा १० खुणांचा कोड असाच एकेक करून शोधतो. २६ अक्षरं आणि १० अंक म्हणजे दर जागेला ३६ पर्याय. कोड अख्खाच तपासला जात असेल तर एकूण शक्यता ३६५६ वर बारा शून्यं. सेकंदाला १० लाख प्रयत्न केले तरी सगळ्या संपवायला ११६ वर्षं. एकेक खूण वेगळी कळत असेल तर जास्तीत जास्त ३६० प्रयत्न. कुलूप बनवणारा इतका दुधखुळा नसतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पासवर्डचा नुसता हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली आणि उलट न फिरवता येणारी खूण, साठवलेला असायचा. एक अक्षर चुकलं काय आणि आठही चुकली काय, हॅश पूर्ण वेगळा येतो. 'जवळ आलात' असं तो कधीच सांगत नाही.

मजा अशी की त्याच सिनेमात पासवर्ड मिळवण्याची सगळ्यात खरी रीतही आहे: शाळेच्या ऑफिसात कागदावर लिहून ठेवलेला असतो, तो सिनेमातला नायक मुलगा वाचतो. तुम्ही तीच वापरा. आणि टाइप करताना पडद्यावर चांदण्या दाखवू नका. युनिक्सच्या लॉगिनला पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, कर्सरसुद्धा हलत नाही.

पानाची_कड

कुलूपकिल्ली, हॅशचं बरोबर, पण 'साफ थाप' मागे घ्या. असे दुधखुळे कुलूपवाले खरेच होऊन गेलेत.

सत्तरच्या दशकात टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. ती पासवर्ड डावीकडून एकेक अक्षर ताडून बघायची आणि पहिल्या चुकीला थांबायची. हल्लेखोर आपला अंदाज मेमरीत असा ठेवायचा की पहिलं अक्षर एका पानाच्या (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्याच्या) अगदी शेवटच्या बाइटवर, आणि पुढचं पान मेमरीत हजरच नाही. पहिलं अक्षर चुकलं तर सिस्टिम तिथंच नकार द्यायची. बरोबर असेल तर दुसरं अक्षर बघायला पुढच्या पानावर जायची आणि पान नाही म्हणून अडखळायची. अडखळली म्हणजे अक्षर लागलं! मग अंदाज एक बाइट मागे सरकवायचा आणि दुसऱ्या अक्षराला हात घालायचा. दर जागेला १२८ पर्याय आणि आठ अक्षरं धरली तर १२८ चा आठवा घात करायच्या जागी १२८ गुणिले ८ वर काम भागलं.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये शेअर केलेल्या फोल्डरच्या पासवर्डचंही तसंच. किती अक्षरं ताडायची हे सर्व्हर समोरच्यालाच विचारायचा. 'एकच ताडा' म्हटलं की एकच. त्याची दुरुस्ती २००० साली आली. वायफायच्या डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन टाकून जोडायची सोय) पिनमध्ये आठ आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा, उरलेल्या सातांपैकी पहिले चार आणि पुढचे तीन वेगवेगळे तपासले जातात. म्हणून एक कोटीऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात.

तेव्हा रिळवाला, दृश्य ठेवायचं असेल तर ठेवा, पण यंत्र जुनं आणि चूक नेमकी दाखवा. मोठ्या अक्षरांत आकडे गरागरा फिरवू नका. दर प्रयत्नाला एक ओळ, बहुतेक ओळींत नकार आणि मधूनच एक वेगळी ओळ. बघणाऱ्याला नियम कळला की तोच पुढची ओळ ताणून बघतो. 'मेट्रिक्स रीलोडेड'मधलं (२००३) वीजकेंद्राचं दृश्य बघा: एनमॅप हे नेटवर्क तपासायचं खरं साधन, एसएसएच या दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीतली २००१ मध्ये उघड झालेली खरी चूक, साध्या काळ्या पडद्यावर मोजक्या ओळी. दोन-चार सेकंदांचा ऐवज, पण अजून नाव निघतं.

उलटही होतं. 'ज्युरासिक पार्क'मधलं (१९९३) फाइलींचं त्रिमिती शहर लोकांनी खोटं म्हणून धुतलं, पण तो सिलिकॉन ग्राफिक्सचा खराखुरा प्रोग्राम होता, नाव एफएसएन. दिसायला खोटं ते खोटंच असं नाही.

कुलूपकिल्ली

मान्य, मागे घेतलं. टेनेक्सचं माहीत नव्हतं.

जुनी_एक्स्चेंज

तिसरा प्रश्न थोडक्यात. नंबर शोधायला वेळ लागायचा, पण सेकंद मोजणारा लाल आकडा कुठेच नव्हता.

इलेक्ट्रोमेकॅनिकल एक्स्चेंजमध्ये कॉल म्हणजे ओळीने अडकलेले स्विच. कुणाचा फोन आहे हे कळायला तंत्रज्ञ रॅकपुढे उभा राहून उलट दिशेने स्विच ते स्विच जायचा. वाटेत दुसरं एक्स्चेंज आलं की तिथल्या माणसाला फोन करून उठवायचं. मधेच फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की स्विच सुटतात आणि माग पुसला जातो. म्हणून 'लाइनवर ठेवा' खरं, पण वीस सेकंद नव्हे, वीस मिनिटंही कमी पडायची. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली तशी कुणी कुणाला लावला हे यंत्रालाच ठाऊक असायचं, घटका मोजायचं कारणच संपलं.

१९८६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांनी ७५ सेंटच्या हिशेबातल्या फरकावरून घुसखोर हेरला. माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला, आणि तिथली एक्स्चेंज जुन्या धाटणीची. मग त्याला गुंतवून ठेवायला खोट्या सरकारी फाइलींचा ढीग रचला गेला. तो त्या उतरवत बसला तोवर तंत्रज्ञांना वेळ मिळाला. तुमच्या १९८४ ला हे चपखल बसतं: घड्याळाऐवजी आमिष दाखवा. ३०० बॉडवर लांबलचक फाइल उतरायला किती वेळ जातो ते वर आलंच आहे.

शटर_१४४

चौथा. काचेच्या नळीत एका क्षणी पूर्ण चित्र नसतंच, किरण वरून खाली रंगवत जातो. कॅमेऱ्याचं शटर त्या फेरीच्या मधेच मिटलं की उरलेला भाग काळा. उपाय एकच, एक्स्पोजर बरोबर एका फेरीएवढं ठेवायचं.

आधी मॉनिटरची फेरी सेकंदाला किती ते बघा. आयबीएमचा हिरवा मोनोक्रोम मॉनिटर ५० हर्ट्झ, व्हीजीए (नंतरच्या पीसींचा रंगीत पडद्याचा प्रकार) ग्राफिक्सला ६० आणि व्हीजीएच्या नुसत्या मजकुराला ७०. डॉस प्रॉम्प्ट आणि विंडोज यांचे आकडे वेगळे पडतात, इथेच बहुतेकांची फसगत होते. ५० साठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १८० अंश (३६० अंश म्हणजे अख्खी फ्रेमभर उघडं). ६० साठी २४ फ्रेम आणि १४४ अंश. ७० साठी २४ फ्रेम आणि जवळजवळ १२३ अंश. मोबाईल असेल तर ज्यात शटर हाताने लावता येतं असं ॲप घ्या आणि १/५० किंवा १/६० ठेवा, 'ऑटो' बंद. मॉनिटर नेमका ६० वर नसून ५९.९४ वर असेल तर बारीक रेघ राहते. शटर किंचित मागेपुढे करून बघा. जुन्या काळी सिनेमावाले मॉनिटरच बदलून २४ च्या तालावर चालवायचे, तो खटाटोप आता नको.

हिरव्या नळीचा एक फायदा म्हणजे तिचा फॉस्फर (काचेवरचा चमकणारा लेप) रेंगाळतो, पट्टे मुळातच फिके पडतात. खोलीतले दिवे मंद ठेवा, एक्स्पोजर पडद्यावर बेता.

चेहऱ्यावर अक्षरं पडत नाहीत. पडद्याचा उजेड सगळीकडे विखुरतो, मधे भिंग नसल्याने त्याची प्रतिमा होत नाही, फक्त हिरवट झाक येते. सिनेमात अक्षरं दिसतात ती प्रोजेक्टरची. तुम्हीही छोटा प्रोजेक्टर नटाच्या समोर, लेन्सच्या किंचित वर ठेवून करू शकाल. पण मग हिशेब विसरा, हे निव्वळ दिखाऊ आहे.

नटाला टाइप करता येत नसेल तर घाबरू नका. दहा ओळींचा प्रोग्राम लिहा: मजकूर आत साठवलेला, कुठलीही कळ दाबली की पुढचं अक्षर छापायचं, एंटरला थांबून उत्तर सोडायचं, ३०० बॉडला दर अक्षरामागे ३३ मिलिसेकंद. बॅकस्पेसही अक्षरच छापतो याची नटाला कल्पना द्या, नाहीतर सवयीने दाबतो.

रिळवाला

खूपच उपयोगी. १९९५ च्या भागात फ्लॉपीवर फाइल चोरायची आहे आणि पडद्यावर आयपी ॲड्रेस (संगणकाचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) दिसतो. त्यात काही खाचाखोचा?

तीनशे_बॉड

फ्लॉपीची वाट बघण्याची पट्टी खरी धरा. १.४४ एमबीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेऱ्या मारते. ८० ट्रॅक, दोन बाजू, दर बाजूला एक फेरी म्हणजे ३२ सेकंद ही कागदावरची मर्यादा, प्रत्यक्षात मिनिटाच्या आसपास. अख्खा डेटाबेस मात्र तिच्यावर मावायचा नाही, चोरायची फाइल छोटी ठेवा किंवा फ्लॉप्यांचा गठ्ठा दाखवा. चित्र इंटरनेटवरून उतरतंय असं हवं तर २८.८ किलोबिट प्रतिसेकंदाच्या मोडेमवर ४० केबीचं चित्र १२-१५ सेकंद घेतं, वरून खाली पट्ट्यापट्ट्याने. ऑगस्ट १९९५ च्या आधीचा प्रसंग असेल तर 'स्टार्ट' बटण दिसता कामा नये, ते विंडोज ९५ बरोबर आलं.

आयपीचा प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्येच असतो. 'द नेट'मध्ये (१९९५) मधला एक आकडा ३४५ आहे, खोट्या फोन नंबरासारखा मुद्दाम अशक्य ठेवलेला. तसं करायची गरज नाही: १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखीव आहेत, दिसतात खरे आणि कुणाचेही नसतात. ईमेलच्या पत्त्यात मोकळी जागा आणि अपूर्णविराम घालू नका, 'मिशन: इम्पॉसिबल'ने (१९९६) घातला आणि तो पत्ता कुठल्याच सर्व्हरने घेतला नसता.