रिकाम्या पोर्टांना धूळ-दमटपणापासून कसं जपता? : अनुभव धागा

जूनमध्ये माळ्यावरचा जुना सीपीयू खाली काढला. लेकीला टायपिंगचा सराव करायचा होता. मागे पेनड्राइव्ह लावायला गेले, तर एक यूएसबी पोर्ट (म्हणजे वायर किंवा पेनड्राइव्ह खोचायची खाच) मातीनं लिंपलेलं. टाचणीनं टोकरलं तशी ढेकळाबरोबर एक मेलेली हिरवी अळी टपकन टेबलावर पडली. कुंभारमाशीनं घर केलं होतं! वर्षभर त्या पोर्टाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिला आयती खोली मिळाली. तेव्हापासून घरातली सगळी भोकं तपासत सुटले आहे. तुम्ही काय करता? फसलेले उपाय आधी लिहा, ते जास्त कामाचे असतात.

मालवणी माणूस : आमचं घर किनाऱ्याला लागून. आमच्याकडे धुळीचं काय नाय, खाऱ्या वाऱ्याचं बोला. हवेतलं मीठ पोर्टाच्या पत्र्यावर बसतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते आपणहून पाणी ओढून पाघळतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात कशी होते, तसंच. दोन वर्षांत एचडीएमआयच्या (पडद्याची वायर लागते त्या पोर्टाच्या) कडेला तांबूस गंज आणि लॅनच्या (इंटरनेटची वायर लागते त्या पोर्टाच्या) आठ पिनांतल्या दोन काळ्या.
मग मी सिलिकॉनची बुचं आणून लावली, भर जुलैत. ऑक्टोबरात काढली तर आत चक्क घाम! ओल बाहेर ठेवायच्या नादात आतच कोंडली होती. आता बुचं मे महिन्यात लावतो, तीही मशीन तासभर चालवून अंगात ऊब आली की. नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा काढून बघतो, कोरडं असलं तर परत लावतो.

पिवळं धमक : सांगली. काकांची हळदीची वखार. वजनकाट्याला जोडलेला कॉम्प्युटर तिथंच असतो, त्यामुळं पोर्ट पिवळी होणारच. पूड नुसती असली तर ब्रशनं निघते. पावसाळी हवेत मात्र तिचा लेप बसतो. काकांनी यावर डोकं चालवलं आणि रिकाम्या यूएसबीत चॉकलेटची चांदी चेपून बसवली. मशीन चालू केलं की पडद्यावर यूएसबीतून जास्त करंट जातोय असा इशारा, आणि १५ सेकंदांत बंद. तीनदा तसंच झालं. पोराला बोलावलं, बोर्ड गेला म्हणून हळहळून झालं, मग मी वाकून बघितलं तर आत चांदी चमकत होती. बोर्ड वाचला. काकांना अजून चिडवतो.

सोल्डर : माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे लोक पोर्टांचे काय हाल करतात ते रोज बघतो. नुसती ओल एवढं नुकसान करत नाही, ओल आणि वीज एकत्र आली की काम तमाम. यूएसबीच्या एका पिनेवर ५ व्होल्ट असतात. बऱ्याच मशीनमध्ये बंद केल्यावरही एखाद्या पोर्टाला वीज चालू राहते. त्यात ओल शिरली की पिनेवरचा सोन्याचा पातळ मुलामा जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि हिरवं होतं. टाइप-सीमध्ये, म्हणजे नव्या फोन-लॅपटॉपच्या छोट्या लंबगोल यूएसबीत, तर नखाएवढ्या जिभेवर २४ पिना, तिथे एवढंसं कारणही पुरतं.
धागाकर्त्या ताई, टाचणी नको हो. लाकडी टूथपिक घ्या, तीही मशीनचा प्लग काढून. मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यावर बहुतेक पोर्ट सुधारतात. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं, वर बहुतेक वेळा ग्लिसरीनही. तोंडानं फुंकू नका, थुंकी जाते. आणि बुचं लावायच्या उत्साहात हवेच्या जाळ्या बुजवू नका, तसलंही एक मशीन आलं होतं.

पंक्चरमुक्त : सोल्डरभाऊंच्या यादीत माझीही भर घाला. पंक्चरवाल्याकडची हवा! धूळ उडेल म्हणून मोठ्या हौसेनं लॅपटॉप घेऊन गेलो. त्याच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर फुस्सकन पोर्टात. नंतर तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. पाणी गेलं की नाही देव जाणे, तांदळाचा कोंडा मात्र टाइप-सीत गेला.

निवृत्त कारकून : सेलोटेप लावू नये. उन्हाळ्यात त्याचा गोंद पाघळतो, मग धूळ चिकटते ती कायमची. त्यापेक्षा जुन्या ग्राफिक्स कार्डांबरोबर प्लास्टिकच्या टोप्या यायच्या, त्या मी डब्यात जपून ठेवल्या आहेत. ही हसायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या भावाला चार दिल्या.

आळशी राजा : मी काहीच लावत नाही. आठवड्यातून दोनदा मशीन तासभर चालवतो आणि कपाटात निळ्या दाण्यांची सिलिका जेल ठेवतो. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करतो, ते भांडं मात्र वेगळं ठेवलंय. ठाण्यात एवढं पुरतं. मालवणात पुरेल असं म्हणत नाही.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. टाचणी सोडली. सोल्डरभाऊंच्या सांगण्याप्रमाणे साफ करून, वाळवून पाचही यूएसबींना बुचं लावली. माती निघालेलं पोर्टही चालतंय, माऊस लावून बघितला.
काल दुपारी कुंभारमाशी परत आली. सीपीयूच्या मागे दोन घिरट्या घातल्या, बुचांवर बसून पाहिलं आणि सरळ हेडफोनच्या भोकात डोकं घातलं. त्या मापाचं बूच कुणाकडे आहे का?