वय झालेल्या कुत्र्यामांजरांची तपासणी: नेमके काय काय पाहून घ्यावे?

इंदिरानगरकर
नमस्कार. आमच्या घरी ११ वर्षांचा पामेरियन शेरू आणि १२ वर्षांची मांजर मनी आहे. जॉगिंग ट्रॅकच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय घराकडे न वळणारा शेरू दिवाळीपासून अर्ध्या फेरीतच बसकण मारतो, आणि मनी पूर्वीपेक्षा जास्त खात असूनही तिच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले आहेत. दोघांनाही दरवर्षी लसीसाठी नेतो. पण तेथे विचारले असता ‘वय झाले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. संपूर्ण तपासणीत काय असावे, ती किती दिवसांनी करावी आणि या वयात रक्त काढण्याचा त्रास त्यांना द्यावा का, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

गोदाकाठ
त्या उत्तरावर मीही एकदा विसंबून राहिले होते. आमचा बोका फार पाणी पिऊ लागला तेव्हा मी ते एप्रिलच्या उन्हावर ढकलले. पाऊस सुरू झाल्यावरही सकाळी त्याचे भांडे कोरडे दिसू लागले, तेव्हा तपासणी केली आणि मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे गेलेला निघाला. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम थांबल्यावरच वाढते, हे मला तेव्हा कळले. म्हणून रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी आग्रहाने मागावी, कारण लघवी पातळ होऊ लागल्याचे त्याआधीच दिसू शकते. शेरूची सकाळची पहिली लघवी स्वच्छ स्टीलच्या पळीत धरता येईल. मनीची मात्र डॉक्टरांनाच बारीक सुईने घेऊ द्यावी. मनीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करा. पाणीही मोजून ठेवा आणि २४ तासांनी उरलेले पुन्हा मोजा. मांजराने किलोमागे ५० मिलीपेक्षा आणि कुत्र्याने १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पिणे हे तपासणीचे कारण आहे.

निवृत्त पशुवैद्यक, पंचवटी
वरील सूचना योग्य आहेत. भूक उत्तम असूनही वजन घटणाऱ्या वयस्क मांजरात थायरॉईडचे वाढलेले काम आणि मधुमेह या दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात, म्हणून मनीच्या रक्तात टी-४ (थायरॉईडचे संप्रेरक) आणि साखर पाहावी. तिचा रक्तदाबही घ्यावा, आणि तो सुई टोचण्यापूर्वी, ती पिंजऱ्यातून बाहेर येऊन शांत झाल्यावर; शांत असतानाही त्याचा वरचा आकडा वारंवार १६० च्या वर येत असेल तर दुर्लक्ष करू नये, कारण वाढलेल्या रक्तदाबाने मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

शेरूच्या बाबतीत सांधे दुखत असतील, परंतु लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप सैल होणे बरेच आढळते, त्यामुळे हृदयाचे ठोके नीट ऐकणे आणि गरज पडल्यास छातीचा एक्स-रे व इको (हृदयाची सोनोग्राफी) करणे आवश्यक आहे. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. ३० च्या आत असावेत. रक्त काढण्यासाठी सहसा भूल लागत नाही. दात साफ करताना ती लागते, म्हणून त्याआधी ही तपासणी झालेली असणे केव्हाही चांगले. या वयात दर सहा महिन्यांनी दाखवावे. आणि एक विनंती: दुखते आहे असे वाटून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावते.

इंदिरानगरकर
दोघांचेही मनापासून आभार. मनीचे वजन ३ किलो १०० ग्रॅम भरले; गेल्या वर्षी लसीच्या पुस्तिकेत ३ किलो ९०० ग्रॅम लिहिलेले आहे. तिने एका दिवसात २३० मिली पाणी प्यायले. शेरूचे श्वास काल रात्री तीनदा मोजले, ते ४०, ४२ आणि ४० आले. दोघांसाठीही शनिवारची वेळ घेतली आहे.

निवृत्त पशुवैद्यक, पंचवटी
मनीसाठी शनिवार चालेल, मात्र तिने खाणे सोडले तर थांबू नका. शेरूला आजच दाखवा. तोपर्यंत त्याला फिरायला नेऊ नका, जिना उचलून उतरवा, आणि हिरड्या निळसर दिसल्या किंवा तो मान ताणून श्वास घेऊ लागला, तर वेळ न पाहता तातडीने दवाखाना गाठा. झोपेतल्या श्वासांचे मोबाईलवर चित्रीकरण करून सोबत न्या. दवाखान्यात तो घाबरून धापा टाकेल, तेव्हा डॉक्टरांना त्याचाच उपयोग होईल.